इटलीच्या खेड्यात राहून फूड शिकायला जाताय? मग हे वाचा

फूड स्टडीज करायला इटलीत जायचं म्हटलं की सगळे रोम नाहीतर मिलान धरून चालतात, पण पोलेन्झोची गॅस्ट्रोनॉमिक सायन्सेसची युनिव्हर्सिटी (2004 मध्ये स्लो फूड या स्थानिक, पारंपरिक अन्न जपणाऱ्या चळवळीच्या लोकांनी सुरू केलेली) चक्क वायव्य इटलीतल्या पिएमॉन्ते प्रांतामधल्या एका खेड्यात आहे, आजूबाजूला शेतं आणि पुढे लांगेच्या टेकड्यांवर द्राक्षमळे. बरीच मुलं पाच-सहा किलोमीटरवरच्या ब्रा गावात खोली घेतात. सायकल घ्याच. रविवारी बसच्या भरवशावर राहू नका, आणि दुपारी साडेबारा ते साडेतीन बहुतेक दुकानं बंद, त्यामुळे लागेल ते सकाळीच आणून ठेवायचं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. पोचल्यापासून 8 दिवसांच्या आत राहण्याच्या परवान्याचा अर्ज पोस्टातून टाकायचा असतो, ते अजिबात लांबवू नका. स्टुडंट परवान्यावर आठवड्याला 20 तास काम चालतं, पण सप्टेंबरमध्ये द्राक्षतोडणीला कोणी बोलावलं तर आधी काँट्रॅक्ट मागा, कारण उतारावर पाय घसरला तर दवाखान्याचा खर्च कोण करणार हा प्रश्न खरा असतो.

आता मुख्य गोष्ट. वर्ग महत्त्वाचे आहेतच पण गाव त्याच्या वेळापत्रकाने चालतं आणि ते वेळापत्रक तुम्ही पाळलंत तरच लोक शिकवतात. ऑगस्टमध्ये हेझलनट, मग द्राक्षं, त्यात नेब्बिओलो सगळ्यात शेवटी ऑक्टोबरमध्ये, तेव्हाच जवळच्या आल्बा गावाला पांढऱ्या ट्रफलचा (जमिनीखाली वाढणारी महागडी बुरशी) बाजार भरतो. ऑलिव्हसाठी मात्र लिगुरिया किंवा तोस्कानाला जावं लागतं.

आणि पार्मिज्यानो रेज्यानो, म्हणजे ते प्रसिद्ध कडक चीज, बनताना बघायचंच. त्यासाठी एमिलियात, पार्मा नाहीतर रेज्जोच्या बाजूला जायचं, आधी मेल करून वेळ ठरवायची आणि सकाळी लवकर पोचायचं, दहा वाजता गेलात तर फक्त भांडी धुताना दिसतील. आदल्या संध्याकाळचं दूध रात्रभर ठेवून वरची साय काढतात, त्यात सकाळचं ताजं दूध घालतात आणि तांब्याच्या उलट्या घंटेच्या आकाराच्या कढईत ओततात. रेनेट घातल्यावर दूध घट्ट होतं, मग तारांच्या मोठ्या रवीने ते गव्हाच्या दाण्याएवढं बारीक फोडतात, कारागीर सारखा हात आत घालून दाणा बोटांत दाबून बघतो, घड्याळ बघतच नाही. नंतर 55 अंशांपर्यंत तापवतात, दाणे तळाशी बसून एक गोळा होतो, तो दोघं मिळून कापडात उचलतात आणि मधोमध कापतात, एका कढईतून चीजची दोन चाकं. एका चाकाला साधारण 550 लिटर दूध लागतं, नंतर मिठाच्या पाण्यात जवळपास तीन आठवडे आणि मग किमान 12 महिने फळीवर! उरलेली निवळी डुकरांना जाते, ज्यांच्यापासून पार्माचं हॅम होतं. हे सगळं एका सकाळी समोर बघितलं की वर्गात सांगितलेलं मग विसरता येत नाही. वही घेऊन जा पण आधी विचारा, मध्ये उभं राहू नका, हातात काही दिलं तर करा.

व्हेज असाल तर नीट ऐका, याच चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट असतं, नियमानेच, त्यामुळे पाळत असाल तर पास्तावर घालू नका असं आधीच सांगायचं. नुसतं व्हेजिटेरियन म्हणालात तर कधीकधी अँचोव्ही मासा चालेल असं धरतात, पिएमॉन्तेची बान्या काउदा (लसूण-तेलाचं गरम डिप) तर त्याच्याशिवाय होतच नाही, काही ठिकाणी ब्रेडमध्येही डुकराची चरबी असते. म्हणून मांस, मासे, रश्श्यातलं हाडाचं पाणी, चरबी असं एकेक नाव घेऊन विचारा, कोणी वाईट वाटून घेत नाही, उलट आजीबाई लगेच बागेतून काहीतरी तोडून आणतात. बारमध्ये, दुकानात शिरताना बोन्जोर्नो म्हणायचं आणि वयस्कर माणसांना अहो-जाहोच करायचं, इटालियनमध्येही तशी सोय आहे, ती शिकून घ्या.

भूक लागली आणि काहीच व्हेज सापडेना तर लिगुरियाकडे फारिनाता मिळते, बेसन, पाणी, मीठ, ऑलिव्ह तेल इतकंच, तांब्याच्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजलेली, अगदी आपल्या बेसनाच्या पोळ्यासारखी. वरून भरपूर मिरपूड मागा आणि गरम असतानाच खा.