पुन्हा स्कूल बोर्डाची निवडणूक लढवताय? या चुका टाळा

न्यू जर्सीत बोर्ड ऑफ एज्युकेशनची मुदत तीन वर्षांची असते. पगार नाही, मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नाही, आणि बैठका रात्री उशिरापर्यंत चालतात. एवढं सगळं माहीत असूनही जो पुन्हा उभा राहतो, तो शाळांच्या कळकळीपोटीच राहतो. असा माणूस साध्यासुध्या चुकांमुळे पडला की मनापासून वाईट वाटतं. आपल्या मराठी मंडळींपैकी काही जण आता दुसऱ्यांदा उभे राहण्याच्या विचारात असतील, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. पहिल्या वेळी लोकांनी तुम्हाला विश्वासावर मत दिलं. या वेळी ते तुमची तीन वर्षांची कामगिरी बघून देणार आहेत, आणि बहुतेक चुका हा फरक न ओळखल्यामुळे होतात.

मागच्याच यादीवर विसंबणं

बोर्डावर बहुतेक ठिकाणी नऊ सदस्य असतात आणि दरवर्षी साधारण तीन जागा भरल्या जातात. मुदत तीन वर्षांची असल्यामुळे तुमची दुसरी निवडणूक पहिलीपेक्षा वेगळ्या प्रकारच्या वर्षात येते. २०२१ साली गव्हर्नरच्या निवडणुकीबरोबर निवडून आलेल्यांना २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या निवडणुकीचे मतदार सामोरे आले. २०२३ मध्ये राज्य विधिमंडळाच्या जागांबरोबर जिंकलेल्यांची गाठ २०२६ मध्ये काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, निवडणुकीच्या मतदारांशी आहे. मोठ्या निवडणुकीच्या वर्षात असे असंख्य लोक मत द्यायला येतात, ज्यांनी बोर्डाची एकही बैठक पाहिलेली नसते. त्यांची नजर मतपत्रिकेच्या वरच्या नावांवर असते आणि शाळांच्या रकान्यापर्यंत ती पोचतच नाही. म्हणून जुनी फोन यादी बाजूला ठेवा आणि मतदारांची ताजी यादी काढून घ्या. प्रत्येक पत्रकावर तुमचा रकाना मतपत्रिकेवर कुठे असेल हे चित्र काढून दाखवा.

पिटिशनला हलक्यात घेणं

नोव्हेंबरमध्ये निवडणूक होणाऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये (शाळांच्या विभागात) पिटिशन, म्हणजे मतदारांच्या सह्यांसह उमेदवारीचा अर्ज, काउंटी क्लार्ककडे देण्याची मुदत जुलैच्या शेवटच्या सोमवारी दुपारी ४ वाजता संपते. नेमकी हीच आपली भारतात जाण्याची वेळ. पुण्याहून परत येऊन सह्या गोळा करू म्हटलं, तर मुदत चुकायला विमान उशिरा आलं एवढंही कारण पुरतं. जूनमध्येच सह्या घ्या, लागतात त्याहून बऱ्याच जास्त घ्या आणि काही दिवस आधी नेऊन द्या, म्हणजे काही राहिलं असेल तर दुरुस्तीला वेळ मिळेल.

सही करणारा माणूस तुमच्या डिस्ट्रिक्टमधला नोंदणीकृत मतदार असावा लागतो. शेजारचे कुलकर्णी वीस वर्षं इथे राहत असतील, त्यांची मुलं याच शाळेत शिकली असतील, पण ते नागरिक न होता ग्रीन कार्डवर असतील तर त्यांची सही चालत नाही. सही मागण्याआधी हे विचारायला संकोच करू नका.

मराठी मंडळाच्या व्यासपीठावरून प्रचार करणं

या मुद्द्यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण इथली चूक उमेदवारापुरती राहत नाही.

गणेशोत्सवात हजार-दीड हजार लोक एका हॉलमध्ये जमतात. तिथे अध्यक्षांनी माईकवरून “आपल्या माणसाला मत द्या” म्हणावं असं कुणालाही वाटेल. पण आपली बरीचशी मंडळं अमेरिकी करकायद्याच्या ५०१(सी)(३) कलमाखाली नोंदलेल्या धर्मादाय संस्था आहेत, आणि अशा संस्थांना कोणत्याही उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात प्रचार करता येत नाही. मंडळाची करसवलत त्यामुळे धोक्यात येऊ शकते. तुम्ही आरतीला जा, लोकांना भेटा, प्रसाद वाटायला मदत करा. मंडळाला सर्व उमेदवारांना सारखी संधी देणारा परिसंवाद घेता येतो, तशी विनंतीही करा. पण मंडळाच्या ईमेल यादीवरून तुमचं पत्रक जाऊ देऊ नका.

त्याहून गंभीर गोष्ट मतदार नोंदणीची आहे. उत्साहाच्या भरात कार्यकर्ते समोर येईल त्याच्या हातात नोंदणीचा फॉर्म देतात. ग्रीन कार्डवर किंवा एच-१बी व्हिसावर असलेल्या माणसाने तो भरला, आणि त्याहून पुढे जाऊन मत दिलं, तर त्याचं नागरिकत्व अडू शकतं, देशाबाहेर काढण्याची कारवाईसुद्धा होऊ शकते. तुमच्या एका मतासाठी एखाद्या कुटुंबाचं सगळं आयुष्य पणाला लागतं. “तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात का?” हा प्रश्न फॉर्म दाखवण्याआधी विचारायचा, असं प्रत्येक कार्यकर्त्याला बजावून सांगा.

देणग्यांचंही तसंच. ग्रीन कार्डधारक देणगी देऊ शकतात. एच-१बीसारख्या व्हिसावरच्या लोकांकडून मात्र स्थानिक निवडणुकीलाही एक डॉलर घेता येत नाही. केंद्रीय कायद्याचीच तशी मनाई आहे. त्यांनी स्वखर्चाने छापून आणलेले फलकही देणगीच धरले जातात. ते विनामोबदला स्वयंसेवक म्हणून काम करू शकतात, आणि कितीतरी जण मनापासून करतात. मिळालेल्या पैशाचा हिशेब राज्याच्या निवडणूक कायदा अंमलबजावणी आयोगाकडे वेळेवर द्या. खर्च किरकोळ असला तरी कोणता फॉर्म लागतो, हे सुरुवातीलाच विचारून घ्या.

“हे मी केलं” असं सांगणं

दिवाळीची सुट्टी मी आणली, नवीन रोबोटिक्स लॅब मी आणली, अशी पत्रकं दिसतात. बोर्डाचा निर्णय बहुमताने होतो आणि सोबतचे सदस्य ते पत्रक वाचतात. तुम्ही ठराव मांडला असेल तर तसं लिहा, पाठिंबा दिला असेल तर तेवढंच लिहा. आणि ज्या मतदानावर लोक रागावले आहेत, ते लपवू नका. शाळांच्या हद्दी बदलल्या, बसचा मार्ग बंद झाला, काही शिक्षक कमी केले, तर त्या बाजूने मत का दिलं हे दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे.

सगळ्यात जास्त विचारणा होते ती करांबद्दल. शाळांसाठी वसूल होणाऱ्या मालमत्ता करातली वार्षिक वाढ २०१० च्या कायद्याने २ टक्क्यांवर रोखली आहे. आरोग्य विम्याचा वाढता खर्च, वाढती विद्यार्थिसंख्या अशा काही कारणांसाठी त्यात सवलत मिळते. नोव्हेंबरमध्ये निवडणूक घेणाऱ्या डिस्ट्रिक्टचं बजेट या मर्यादेत असेल तर ते मतदारांपुढे जातही नाही, त्यामुळे त्याचा जाब बोर्डालाच द्यावा लागतो. “राज्याने मदत कमी केली” एवढं म्हणून भागत नाही. तीन वर्षांची बजेटं समोर ठेवा आणि पैसा कुठे गेला ते सांगा. लोकांना कळतं, फक्त कुणीतरी नीट बसून समजावलेलं नसतं.

पदाचा वापर

डिस्ट्रिक्टचा ईमेल, डिस्ट्रिक्टचा लोगो, शाळेतल्या कार्यक्रमात मुलांसोबत काढलेले फोटो प्रचारात वापरू नका. विद्यार्थ्यांच्या हातून प्रचारपत्रकं घरी पाठवायला राज्याच्या कायद्यानेच बंदी आहे. समाजमाध्यमांवर लिहिताना हे माझं वैयक्तिक मत आहे, बोर्डाच्या वतीने लिहिलेलं नाही, असं स्पष्ट नमूद करा.

पॅनल करून लढणाऱ्यांना एक खास धोका असतो. प्रचाराच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये हळूहळू इतर सदस्यही येतात. नऊ जणांच्या बोर्डातले पाच जण तिथे बोर्डाच्या विषयांवर बोलू लागले, तर खुल्या बैठकांच्या कायद्याचा भंग होऊ शकतो. ग्रुपमध्ये फक्त प्रचाराचं बोला आणि विद्यमान सदस्य कमीत कमी ठेवा.

शिक्षक संघटनेचा पाठिंबा मिळाला तर आनंद होणं साहजिक आहे. पण तो स्वीकारल्यावर त्याच संघटनेशी पगाराच्या वाटाघाटी करताना हितसंबंधांचा प्रश्न उभा राहतो. स्वीकारण्याआधी वकिलाचा सल्ला घ्या. ज्या वर्षी करार संपतो आहे, त्या वर्षी मला तर तो न घेणंच योग्य वाटतं.

ऑक्टोबरच्या शेवटी जागं होणं

टपाली मतपत्रिका निवडणुकीच्या ४५ दिवस आधी रवाना होऊ लागतात, म्हणजे सप्टेंबर उलटायच्या आत. २०२१ पासून नऊ दिवसांचं प्रत्यक्ष आगाऊ मतदानही सुरू झालं आहे. तुमचं पहिलं पत्रक दसऱ्याला पडलं, तोवर कितीतरी घरांत मत देऊन झालेलं असतं. पहिलं पत्रक सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात घरोघर पोचलं पाहिजे.

तीन जागा असतील तर मतदार जास्तीत जास्त तीन नावं निवडू शकतो, तिन्ही निवडलीच पाहिजेत असं नाही. तुमचे समर्थक उरलेली दोन मतं ओळखीखातर तुमच्या प्रतिस्पर्ध्यांना देतात आणि निकाल थोडक्यात हुकतो. एकटे लढत असाल तर हे समर्थकांना मोकळेपणाने समजावून सांगा.

गलिच्छ पत्रकाला तिथल्या तिथे उत्तर देणं

२०१७ मध्ये न्यू जर्सीतल्याच एडिसन गावच्या बोर्डाच्या निवडणुकीत घरोघर निनावी कार्डं आली. चिनी आणि भारतीय लोक आपलं गाव ताब्यात घेताहेत असा मजकूर, आणि जेरी शी व फाल्गुनी पटेल या दोन उमेदवारांच्या फोटोंवर त्यांना देशाबाहेर काढा असा शिक्का. सर्व बाजूंनी निषेध झाला आणि दोघेही निवडून आले. असं काही तुमच्या वाट्याला आलं तर मूळ कार्ड आणि पाकीट जपून ठेवा, पोलिसांकडे तक्रार द्या, एकच निवेदन काढा आणि पुन्हा शाळांच्या मुद्द्यांवर या. रात्री बारा वाजता फेसबुकवर भांडणाऱ्या समर्थकांना आवरा. त्यांचे शब्द उद्या तुमच्या नावावर खपवले जातात.

निकालानंतर

जिंकलात तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात नव्या बोर्डाची पहिली, म्हणजे संघटन बैठक होते आणि पुन्हा शपथ घ्यावी लागते. फेरनिवड झालेल्या सदस्यालाही वर्षभरात सक्तीचं प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. तो नियम नवख्यांसाठी आहे असं समजून राहून जातं.

हरलात तरी तुमची मुदत जानेवारीपर्यंत आहे. नोव्हेंबर-डिसेंबरच्या बैठकांना गैरहजर राहू नका. चालू विषयांची कागदपत्रं आणि तुमच्या समितीचं अर्धवट काम नव्या सदस्याच्या हाती द्या. विशेष शिक्षणाच्या सेवा मिळवण्यासाठी ज्या पालकांनी तुमच्याशी संपर्क साधला होता, त्यांना आता कुणाशी बोलायचं ते सांगा.