पोकरमधील प्रतिस्पर्ध्याची नोंद कशी ठेवावी: देवगडहून एक अनुभव

देवगडला आमच्या घरी गणपतीत रात्र जागवण्यासाठी पडवीत पत्त्यांचा डाव बसतो, आणि तेथे कोणाची नोंद ठेवावी लागत नाही. चांगली पाने आली की कोणाचा आवाज चढतो आणि वाईट आली की कोण उगाच चहाची चौकशी करतो, हे सर्वांना वर्षानुवर्षे ठाऊक असते. ऑनलाइन पोकरमध्ये चेहऱ्याऐवजी एक टोपणनाव असते, आणि त्या नावावर क्लिक केल्यावर उघडणाऱ्या छोट्या चौकटीत आपण जे लिहून ठेवतो तेवढीच काय ती आपली ओळख. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना देशात मनाई झाली, त्यामुळे मी आता केवळ फुकटच्या चिप्सवर खेळतो. तेथे लोक जरा सैल हातानेच खेळतात, पण नोंदी ठेवायला शिकण्यासाठी तेवढे पुरते.

सुरुवातीच्या काळातील माझ्या नोंदी आज वाचवत नाहीत. ‘नशीबवान’, ‘मूर्ख’, ‘जपून राहणे’ असे शब्द त्यांत आहेत, आणि ते बहुतेक हरल्याच्या रागात लिहिलेले आहेत. त्यांतील एक डाव मला पक्का आठवतो. एक खेळाडू रेझ न करता, म्हणजे बेट (पैजेची रक्कम) न वाढवता, नुसता ब्लाइंडएवढी (सुरुवातीच्या सक्तीच्या पैजेएवढी) रक्कम भरून आत आला होता (याला लिंप म्हणतात), मी बटणावरून, म्हणजे फ्लॉपनंतर सर्वांत शेवटी खेळण्याच्या जागेवरून, एक्का-राजा घेऊन रेझ केले आणि त्याने कॉल केले, म्हणजे तेवढीच रक्कम भरली. फ्लॉपवर, म्हणजे सर्वांसाठी उघडलेल्या पहिल्या तीन पानांत, राजा, अठ्ठी आणि तिर्री आली, तिन्ही वेगवेगळ्या रंगांची. मी बेट लावले, त्याने कॉल केले. टर्नला (चौथ्या पानाला) पंजी आली तेव्हाही तेच झाले. रिव्हरला (पाचव्या, शेवटच्या पानाला) दुर्री आली आणि तोवर गप्प असलेल्या या गृहस्थाने आपण होऊन पॉटच्या (मध्ये जमलेल्या एकूण रकमेच्या) दीडपट बेट लावले. मी कॉल केले, तर त्याने अठ्ठ्यांची जोडी उघडली, म्हणजे फ्लॉपपासूनच त्याच्याकडे तीन अठ्ठ्या होत्या (याला सेट म्हणतात). मी लिहिले, ‘नशीबवान’. लिहायला हवे होते ते असे: ‘८८, लिंप करून रेझला कॉल, कोरड्या फ्लॉपवर सेट, दोनदा चेक-कॉल, रिव्हरला स्वतःहून दीडपट.’ (कोरडा फ्लॉप म्हणजे ज्याची पाने रंगाने वा क्रमाने जुळत नाहीत असा, आणि चेक-कॉल म्हणजे आपण बेट न लावता समोरच्याच्या बेटाला कॉल करणे.)

या दुसऱ्या नोंदीत त्याच्याविषयी मत एकही नाही, म्हणूनच ती कामाची आहे. पुढे तोच खेळाडू भेटला, दोनदा चेक-कॉल करून त्याने रिव्हरला पुन्हा तसेच मोठे बेट लावले, आणि दोन जोड्या हातात असूनही मी पाने टाकून डाव सोडला (फोल्ड केले). त्याने पत्ते दाखवले नाहीत, तेव्हा ‘पत्ते दिसले नाहीत’ असेच मी नोंदीत जोडले. दिसलेले आणि तर्काने ठरवलेले एका ओळीत मिसळले की महिनाभराने आपल्यालाच ते वेगळे करता येत नाही.

एका डावावरून काय लिहावे आणि कशासाठी थांबावे, हा प्रश्न नवख्याला पडतोच. हातात जोडी असताना फ्लॉपवर तिसरे पान लागण्याची शक्यता जेमतेम १२ टक्के असते, त्यामुळे सेट घेऊन एखादा कसा खेळतो हे पुन्हा कधी दिसेल याचा भरवसा नाही. तो डाव एकदाच दिसला तरी लिहावा. उलट ‘हा फार रेझ करतो’ हे दहा डावांवरून लिहू नये, कारण एखाद्याला लागोपाठ चार वेळा खरोखरच चांगली पाने आलेली असू शकतात. मी साधारण शंभर डाव होईपर्यंत असे काही लिहीत नाही.

वेळेबद्दलच्या नोंदीत मी सर्वांत जास्त फसलो. ‘विचार करायला वेळ घेतो, म्हणजे ब्लफ’ अशी नोंद मी एकावर ठेवली होती. पुढे जूनमध्ये आमच्याकडे पाऊस लागला, दर अर्ध्या तासाने लाईट जाऊ लागली, मोबाइलच्या एका काडीवर माझेच कॉल शेवटच्या सेकंदाला पोहोचू लागले आणि समोरचे माझ्याबद्दल नेमके हेच लिहीत असतील हे ध्यानात आले. तेव्हापासून वेळेची नोंद मी त्याच्या नेहमीच्या वेगाशी ताडून पाहिल्याशिवाय करत नाही.

तारीख मात्र प्रत्येक नोंदीवर असावी. ‘रेझला कधीच फोल्ड करत नाही’ या बिनतारखेच्या ओळीवर विसंबून मी एकाला चांगल्या पानांवर मोठमोठी बेटे लावत राहिलो, आणि तो दर वेळी निमूटपणे पाने टाकत राहिला. मधल्या काळात तोही खेळ शिकला होता.