आजीचा संसार लिहून काढायचा असेल तर

आजीला "तुझं लग्न कोणत्या साली झालं?" असं विचारू नका. ती काहीतरी अंदाजे सांगेल आणि तेच कायमचं लिहिलं जाईल. त्याऐवजी विचारा, "लग्नात अहेराचे पैसे आण्यांत आले की नव्या पैशांत?" दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला सुरू झाली. माझी आजी म्हणाली, "माझ्या लग्नात आणंच व्हतं. थोरला झाला तवा नवं पैसं आलं." एका वाक्यात लग्नाचा काळ कळला आणि मोठ्या काकांच्या जन्माचाही.

आमचं गाव पाटण तालुक्यातलं, त्यामुळे दुसरी खूण भुईकंपाची, ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. तुमच्या आजीची खूण वेगळी असेल: पुण्यात पानशेतचा पूर (१२ जुलै १९६१), माण-खटावकडे बाहत्तरचा दुष्काळ, मराठवाड्यात निजामाविरुद्धची पोलीस ॲक्शन (१९४८), लातूरकडे किल्लारीचा भुईकंप (१९९३). "तेव्हा कडेवर कोण होतं? पोटात कोण होतं?" एवढं विचारलं की मुलांचे जन्म आपोआप रांगेत लागतात.

घरातली कागदपत्रंही काढा. लग्नपत्रिकेवर फक्त शके असेल तर त्यात ७८ मिळवा. तिथी पौष ते फाल्गुनातली असेल तर बहुधा ७९ मिळवावे लागतात. आजीच्या पत्रिकेवर वैशाख, शके १८७७ होतं, म्हणजे १९५५. जुन्या फोटोंच्या मागे नावं लिहायची तर पेन्सिलीनं, हलक्या हातानं. बॉलपेन पुढच्या बाजूला उमटतं.

आता नवरा-बायकोचं. हे सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोलाचं. "आजोबांवर तुझं प्रेम होतं का?" या प्रश्नाला त्या पिढीची बाई पदर तोंडाला लावून हसेल आणि उठून जाईल. वस्तूंबद्दल विचारा. आजोबा मुंबईला गिरणीत होते आणि आजी गावी, सासू, दोन जावा आणि म्हशी सांभाळत. मी मनीऑर्डरबद्दल विचारलं, तेव्हा तिनं ट्रंकेतून सुतळीनं बांधलेला गठ्ठा काढला. मनीऑर्डरच्या फॉर्मवर मजकुरासाठी ठेवलेला असायचा तो तुकडा, दरवेळचा. प्रत्येकावर आजोबांच्या अक्षरात दोन ओळी: "म्हैस विकू नये. पोरांस शाळेत धाडणे." आजीला वाचता येत नव्हतं. पोस्टमन वाचून दाखवायचा आणि आजी त्याच्यासमोर चेहरा कोरा ठेवायची. "मग रातीला कागद नुसताच हातात धरून बसायची," ती म्हणाली. हे तिनं आधी कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण कुणी मनीऑर्डरबद्दल विचारलंच नव्हतं.

भुईकंपाचंही तसंच. पहाटे उतरंडीवरचे हंडे-कळशा खाली आले, ती पोरांना घेऊन अंगणात पळाली. "तिसऱ्या दिशी हे दारात. पायात वहाण न्हाई." आजोबांबद्दल ती यापलीकडे काही बोलली नाही. मीही तेवढंच लिहिलं. असं वाक्य मिळालं की पुढे आपलं विशेषण जोडू नका, आणि तिची भाषा पुस्तकी करू नका.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि काही महिन्यांनी आजोबा कायमचे गावी आले. घरात हालाखी आली. पण आजी म्हणायची, "संपानं माझं माणूस घरी आणलं." लग्नाला सत्तावीस वर्षं झाल्यावर दोघं पहिल्यांदा बारा महिने एका छपराखाली राहिली. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी लिहा, हाल आणि सुखही.

नवऱ्याचं नाव ती एरवी घेणार नाही, म्हणून उखाणा घ्यायला लावा. आजीचा होता: "गिरणीचा भोंगा ऐकू येईना गावाला, ...रावांचं नाव घेते पहिल्या सणाला." ओव्या आठवत नाहीत म्हणाली तर हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेड्यापाड्यांतून गोळा केलेल्या लाखावर जात्यावरच्या ओव्यांतल्या काही 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावरून ऐकवा. दुसऱ्याची ओवी चुकीची वाटली की ती स्वतःची म्हणून दाखवते.

बोलणं दुपारी करा, वाती वळताना किंवा तांदूळ निवडताना. हात कामात असले की जीभ मोकळी होते. पंखा बंद ठेवा, रेकॉर्डिंग लावून फोन घडी घातलेल्या लुगड्यावर ठेवा. सुना आसपास नसल्या तर बरं, कारण सासूबद्दल ती त्यांच्यासमोर बोलणार नाही. रेकॉर्डिंग त्याच दिवशी दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर पाठवून ठेवा.

आजी गेली असेल तरी थांबू नका. धाकटी जाऊ, नणंद, माहेरची भाची यांच्याकडे जा. वंशावळीत बायका बहुधा नसतातच, म्हणून माहेरचं गाव, आडनाव आणि लग्नाआधीचं नाव पहिल्या पानावर घ्या.

वर्षश्राद्धाला वाटायची पुस्तिका करणार असाल तर पानं चारच्या पटीत ठेवा, म्हणजे मधोमध पिना मारता येतात. अक्षर सोळा पॉइंटचं घ्या, तिच्या वयाच्या माणसांना वाचायचं आहे. आणि एक प्रत तिच्या माहेरी द्या.