वाचून झालेल्या पुस्तकाबद्दल चार खऱ्या ओळी कशा लिहाव्यात

2016 च्या दिवाळीत नणंद माहेरपणाला आली होती. जेवणं आवरल्यावर तिनं माझ्या उशाशी पडलेली कादंबरी उचलली आणि विचारलं, "वहिनी, कसं आहे हो हे?" मी म्हटलं, "छान आहे." ती म्हणाली, "छान म्हणजे काय छान आहे?" मला काही सांगताच येईना. जवळजवळ तीनशे पानं मी आवडीनं वाचली होती, दोनदा डोळे भरून आले होते, आणि माझ्याकडे त्याबद्दल एक धड वाक्य नव्हतं. ते मला फार लागलं. पुढच्या जानेवारीपासून मी नोंदी लिहायला लागले. आता नववी डायरी चालू आहे. या काळात जी रीत बसत गेली, ती इथं सांगते.

कराडात माझं औषधांचं दुकान आहे. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा मी वाचते. साहित्य फार लागत नाही. नव्या वर्षाला औषध कंपन्यांचे एमआर, म्हणजे विक्री प्रतिनिधी, डायऱ्या देतात, त्यातली एका दिवसाला एक पान असलेली मी ठेवून घेते. पानावर तारीख छापलेली असते ते बरं पडतं, कारण आपलं मत कधीचं आहे हे पुढे उपयोगी येतं. पुस्तकात खुणेसाठी गोळ्यांच्या रिकाम्या खोक्याची पुठ्ठ्याची पट्टी कापून घालायची. पान नंबर पेन्सिलीनं त्या पट्टीवर लिहायचे, पुस्तकात काहीही लिहायचं नाही. माझी बहुतेक पुस्तकं वाचनालयाची असतात.

सुरुवात करण्याआधी एक गोष्ट करा: मलपृष्ठ आणि प्रस्तावना वाचू नका. पुस्तक संपल्यावर अवश्य वाचा. आधी वाचलं की दुसऱ्याचं मत आपल्या डोक्यात जाऊन बसतं आणि आपण पानोपानी त्याचाच पुरावा शोधत राहतो. मी तर पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालते, म्हणजे लेखकाचं नावही समोर राहत नाही. ही कल्पना मला जयंत नारळीकरांवरून सुचली. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं. स्वतःचीच आद्याक्षरं उलटी फिरवून घेतलेली. मोठ्या शास्त्रज्ञाची कथा म्हणून परीक्षकांनी झुकतं माप देऊ नये, कथा कथा म्हणून तोलली जावी, हा हेतू. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखक एवढा प्रामाणिक राहू शकतो, तर वाचकानंही राहावं असं मला मनापासून वाटतं.

वाचताना पट्टीवर मी तीनच खुणा करते. 'थां' म्हणजे इथं थांबले, पुस्तक मिटून बसले. 'मा' म्हणजे मागं जाऊन परत वाचलं. 'उ' म्हणजे इथं पानं उडवली. 'उ' लिहायला लाजू नका, सगळ्यात जास्त माहिती त्याच खुणेत असते. एका जाडजूड ऐतिहासिक कादंबरीच्या पट्टीवर माझ्या नऊ 'उ' होत्या आणि त्यातल्या आठ लढाईच्या वर्णनांवर होत्या. तेवढ्यावरून कळलं की मला तंबूतली माणसं हवी होती, रणातले हत्ती नको होते. आता त्यात दोष लेखकाचा की माझ्या आवडीचा, हा पुढचा प्रश्न. पण प्रश्न तरी हाताशी आला.

पुस्तक संपलं की चोवीस तासांच्या आत लिहायचं. आणि नोंद 'ही कादंबरी' या शब्दांनी सुरू करायची नाही. तिथून सुरुवात केली की पुढे 'प्रभावी', 'ओघवती', 'वास्तववादी' असले शब्द आपोआप येतात. पुस्तकातली एक जागा घ्या, जिथं 'थां' लिहिलं असेल ती, आणि तिथं काय घडतं ते आपल्या शब्दांत लिहा. मग स्वतःला विचारा, मी इथंच का थांबले?

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' मी गेल्या उन्हाळ्यात तिसऱ्यांदा वाचली. 1955 ची कादंबरी, आकारानं लहान, दोन दुपारांत होते. डायरीत माझी आधीची नोंद सापडली: 'ग्रामीण जीवनाचं प्रभावी चित्रण.' हे माझं मत नव्हतंच, कॉलेजात परीक्षेसाठी पाठ केलेलं वाक्य होतं. या वेळी पट्टीवर 'थां' होतं ते शेकूच्या बायकोपाशी. शेकूकडे बैल एकच, जोडीला दुसरा मिळत नाही आणि शेताचे दिवस निघून चाललेत. तेव्हा ती बाई बैलाच्या बरोबरीनं स्वतः जू ओढते. मी पुस्तक मिटलं आणि किती वेळ काउंटरवर तशीच बसले. मग लिहिलं: 'मास्तर हे बघतो आणि सांगतो. रडत नाही, आपल्यालाही रडवायला बघत नाही. म्हणून ते जास्त लागतं.' त्याच्याखाली लिहिलं: 'पण सांगणारा बाहेरून आलेला पोरगेला मास्तर आहे. त्याच्या नजरेला जे विशेष दिसतं तेवढंच मला दिसतं. जू खांद्यावर घेतलं तेव्हा त्या बाईला काय वाटलं, हे मला तिच्याकडून ऐकायचं होतं.' ही तक्रार चुकीची असेल कदाचित. लेखकानं मास्तर निवडला तो विचार करूनच. तरी ती माझी आहे आणि कोणत्या जागेवरून आली ते मला दाखवता येतं. मताला एवढं पुरतं.

आता वेगवेगळ्या प्रकारांबद्दल. एकच फूटपट्टी सगळ्यांना लावू नका. भयकथेत भाषेचं सौंदर्य नाही म्हणून नाक मुरडायचं आणि गंभीर कादंबरीत काही घडतच नाही म्हणून कंटाळायचं, यात आपलंच नुकसान होतं. प्रत्येक पुस्तक पहिल्या वीसेक पानांत वाचकाला काहीतरी कबूल करतं. ते काय, हे एका ओळीत लिहून ठेवायचं आणि शेवटी ते दिलं का एवढं बघायचं.

रहस्यकथेत मी बघते की उलगडा झाल्यावर मागं जाऊन धागेदोरे सापडतात का. सापडले तर लेखक माझ्याशी सरळ वागला. आजोबांच्या ट्रंकेत बाबूराव अर्नाळकरांची चार पुस्तकं निघाली, ती मी याच पावसाळ्यात वाचली. हजारावर रहस्यकथा लिहिणाऱ्या माणसाकडून प्रत्येक धागा जुळावा अशी अपेक्षा मी धरली नाही. तिथं कबुली वेगाची होती आणि वेग त्यांनी पुरेपूर दिला. पट्टीवर एकही 'उ' नाही.

भयकथेची नोंद करताना भीती नेमकी कुठल्या वाक्याला वाटली ते शोधा. नारायण धारपांच्या समर्थकथा, म्हणजे अघोरी शक्तींशी लढणाऱ्या समर्थ या नायकाच्या कथा, वाचताना मला एक गोष्ट उमगली. समर्थ आले की आता सगळं ठीक होणार हे वाचकाला ठाऊक असतं. म्हणजे भीतीचा सगळा भार ते येण्याआधीच्या पानांवर पडतो. माझ्या खुणाही तिथंच आहेत: साधं घर, साधी नोकरी करणारी माणसं, आणि एखादी वस्तू जिथं ठेवली होती तिथं नाही. समर्थ आल्यानंतरची पानं मी निवांत, चहा पीत वाचली. ज्यांना शेवटपर्यंत घाबरायचंय त्यांना हे उणं वाटेल. मला रात्री झोपायचं असतं, मला ते आवडलं.

विज्ञानकथेतून विज्ञान काढून घेतलं तर गोष्ट तशीच उभी राहते का, ते तपासा. तशीच राहिली, तर विज्ञान वरून लावलं होतं. ऐतिहासिक कादंबरीसाठी शेजारी इतिहासाचं एखादं पुस्तक ठेवा, पण चुका काढण्यासाठी नाही. 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर काय झालं ते ठाऊकच असतं. आदल्या रात्री कोण कोणाशी काय बोललं, याची नोंद कुठून असणार? कादंबरीकाराला तिथंच जागा मिळते, म्हणून मत द्यायचं ते त्या जागेबद्दल द्यावं.

कथासंग्रहाला एकच नोंद करू नका. प्रत्येक कथेला एक ओळ. सगळ्या संग्रहावर मिळून बोलायला गेलं की चांगली कथा वाईट कथेबरोबर वाहून जाते.

सर्वांत अवघड नोंद मला कृष्णात खोतांच्या 'रिंगाण'ची गेली. 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली कादंबरी. धरणामुळे उठलेला माणूस आणि मागं राहून गेलेली त्याची म्हैस. माझ्या सासूबाईंचं माहेर कोयनेच्या पाण्याखाली गेलं. त्यांच्या तोंडून मी गावाची नावं, ओढ्याचं वळण, विहिरीजवळचं आंब्याचं झाड हे सगळं इतक्या वेळा ऐकलंय, की कादंबरी वाचताना मी पुस्तकातलं रान बघत होते की सासूबाईंचं, हेच मला कळेना. दोन दिवस काहीच लिहिता आलं नाही. शेवटी डायरीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे लिहिलं 'घरचं', उजवीकडे 'पुस्तकाचं'. आंब्याचं झाड डावीकडे गेलं. उजवीकडे राहिली ती म्हैस: माणसांनी सोडून दिलेलं जनावर रानात राहून रानाचंच होतं, आणि मालक त्याला आपलं समजून आणायला जातो. जमीन, गाव, हक्क यांवर मी पुष्कळ ऐकलं होतं. जनावराला कोण विचारतं, हे मला या कादंबरीनं दिलं. जे पुस्तक तुमच्या घराशी येऊन भिडतं, त्याच्यासाठी ही उभी रेघ जरूर मारा. डावी बाजू खोडायची नाही. ती खरीच असते, फक्त तिचं श्रेय पुस्तकाला द्यायचं नाही.

बोलीतल्या पुस्तकाचं एक पान मोठ्यानं वाचून बघावं. मी 'रिंगाण'चं एक पान सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या निवडत असलेली मेथी बाजूला ठेवून ऐकत बसल्या आणि म्हणाल्या, "वाच की पुढं." सोळा पानं झाली. भाषेबद्दल मी वेगळं काही लिहिलंच नाही, एवढंच लिहून ठेवलं.

न आवडलेल्या पुस्तकाची नोंद मात्र दुप्पट काळजीनं करावी. 'कंटाळवाणं' हा शब्द मी स्वतःला बंद केलाय. त्याऐवजी कितव्या पानावर सोडलं आणि त्या दिवशी काय चाललं होतं ते लिहिते. नंदा खरे यांची 'उद्या' मी पहिल्यांदा साठाव्या पानाला सोडली. नोंद अशी: 'माणसं खूप, लक्षात राहत नाहीत. दुकानात ऑडिट चालू.' 2014 ची ही कादंबरी. तिला 2020 चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि खरे यांनी तो नाकारला, तेव्हा मी ती पुन्हा आणली. पुरस्कार मिळाल्यानं किंवा नाकारल्यानं पानं बदलत नाहीत, पण मी बदलले होते. या खेपेला पात्रांची नावं पट्टीवर लिहीत गेले आणि कादंबरी पूर्ण झाली. तिच्यात माहितीचं ओझं जास्त आहे, हे माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. मात्र माणसांवर सतत ठेवली जाणारी पाळत वाचताना मी तीनदा थांबले. दुकानातल्या कॅमेऱ्याकडे बघितलं. तेही लिहिलं.

महिन्याच्या शेवटी मी रॅकमधल्या औषधांची एक्स्पायरी तपासते. त्याच संध्याकाळी त्या महिन्याच्या नोंदी लाल पेननं परत वाचते. जुनं खोडत नाही, शेजारी भर घालते. एखादं पुस्तक चार आठवड्यांत पूर्ण विसरलेलं असतं, आणि जे वाचताना साधं वाटलं होतं त्यातला एखादा माणूस रोज दुकानाच्या पायरीशी उभा असल्यासारखा आठवत असतो. लाल ओळ बहुतेक वेळा निळ्या ओळीपेक्षा लहान आणि जास्त खरी निघते.

दुसऱ्याला सांगायची वेळ आली तर जागा सांगा, शेवट सांगू नका. नणंदेचा फोन दर रविवारी येतो. ती आता 'कसं आहे' विचारत नाही, 'कुठं थांबलात' विचारते.

कालचीच नोंद तुमच्यासमोर ठेवते, म्हणजे अंदाज येईल.

'रणांगण, विश्राम बेडेकर, 1939. वाचनालयाची प्रत, पानं सुटलेली, जपून. कबुली: बोटीवरची प्रेमकथा. थां: चार. मा: दोन. उ: नाही. युरोपातून मुंबईकडे येणारी बोट, तिच्यावर जर्मनीतून निघालेले ज्यू. चक्रधरला मुंबईला उतरता येतं. हॅर्टाला येत नाही. सगळ्या प्रेमावर या एका गोष्टीची सावली आहे, आणि ती दोघांनाही पहिल्यापासून ठाऊक आहे. बोटीचे दिवस मोजके, म्हणून बोलण्यात घाई. चक्रधरचा मला राग आला. राग का आला ते अजून नीट कळलेलं नाही, महिनाअखेरीला बघू. प्रश्न: ही माणसं एकमेकांशी मराठीत बोलत नसणार, तरी त्यांची मराठी मला कुठंच खोटी का वाटली नाही? नणंदेला शेवट सांगायचा नाही. परत करायची तारीख 21.'