सनस्क्रीन लावूनही टॅन होतंय? आधी किती लावता ते बघा

“ताई, एसपीएफ ५० लावते, तरी काळवंडतेच आहे मी,” माझी धाकटी बहीण एप्रिलमध्ये वैतागून म्हणाली. ती रोज स्कूटरवरून ऑफिसला जाते. मी तिला माझ्यासमोरच सनस्क्रीन लावायला सांगितलं. तिने वाटाण्याएवढं बोटावर घेतलं, कपाळ, गाल, हनुवटीवर ठिपके दिले आणि पसरलं. मान, कान, हात कोरडेच.

एसपीएफचा, म्हणजे त्वचा उन्हाने भाजण्यापासून किती वाचते त्याचा, आकडा ठरवताना प्रयोगशाळेत त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावतात. आपण बहुतेक जण त्याच्या निम्मंही लावत नाही. म्हणजे ५० चा आकडा ट्यूबवरच राहतो, चेहऱ्यावर येतच नाही.

१. माप ठरवा. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत क्रीमची एकेक पट्टी काढा. एवढं फक्त चेहऱ्याला आणि मानेला. सगळं एकदम चोपडलं तर चेहरा पांढरा दिसतो, म्हणून आधी एक पट्टी लावा, मिनिटभर मुरू द्या, मग दुसरी. कान, मानेची मागची बाजू आणि केसांच्या कडेची जागा हमखास राहून जाते. उघड्या हातांना, खांद्यापासून बोटांपर्यंत, प्रत्येकी आणखी दोन पट्ट्या. बरोबर लावताय की नाही याची एक सोपी खूण सांगते: रोज एकदा फक्त चेहऱ्या-मानेला लावलं तरी ५० ग्रॅमची ट्यूब साधारण दीड महिन्यात संपायला हवी. वर्षभर पुरत असेल तर कमी लावताय.

२. घेताना दोन गोष्टी वाचा. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के यूव्हीबी (उन्हातले त्वचा भाजवणारे) किरण अडवतं, ५० सुमारे ९८ टक्के. त्यामुळे १०० च्या मागे लागून जास्त पैसे घालवू नका. दुसरी गोष्ट पीए. त्वचा काळवंडवण्यात आणि लवकर सुरकुत्या आणण्यात यूव्हीए किरणांचा मोठा हात असतो, आणि पीएपुढची अधिकची (+) चिन्हं त्यांच्यापासूनचं संरक्षण सांगतात. तीन तरी असावीत. वांग असेल तर आयर्न ऑक्साइड असलेलं टिंटेड (त्वचेच्या रंगाची छटा असलेलं) सनस्क्रीन घ्या, कारण वांग साध्या उजेडानेही गडद होतो आणि आयर्न ऑक्साइड तो उजेडही अडवतं.

३. वेळ पाळा. मॉइश्चरायझर आधी, सनस्क्रीन नंतर, आणि निघण्यापूर्वी १५-२० मिनिटं. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. घाम पुसला किंवा पोहून आलात तर लगेच. सकाळी ९ ला लावलेलं दुपारी १ ला जेवायला बाहेर पडताना पुरत नाही.

ऊन किती कडक आहे हे सावलीवरून ओळखा. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर किरण तीव्र असतात. मेच्या मध्यावर पुण्या-मुंबईत आणि शेवटच्या आठवड्यात नागपुरात सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो. शून्य सावली दिवस म्हणतात तो हाच. आभाळ भरून आलं म्हणून सनस्क्रीन टाळू नका, पातळ ढगांतून बरेच किरण खाली येतात. गाडीच्या बाजूच्या काचेतून यूव्हीएही येतात.

४. कापडाला पहिला मान द्या. स्कार्फ, सनकोट, हातमोजे पुन्हा पुन्हा लावावे लागत नाहीत. ओढणी उजेडात धरून बघा: आरपार दिसत असेल तर किरणही आरपार जातात. दाट विणीची, गडद रंगाची चांगली. आणि पाय! चपलेच्या पट्ट्यांचे ते पांढरे आडवे पट्टे कुणाला चुकलेत? मोजे घाला, नाहीतर पावलांनाही क्रीम लावा. सहा महिन्यांखालच्या बाळाला मात्र सनस्क्रीन नको. त्याला सावलीत आणि सुती कपड्यांत ठेवा.

५. टॅन झालंच तर चेहऱ्यावर लिंबू चोळू नका. हे मी अगदी कळकळीने सांगते. लिंबाचा रस त्वचेवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे फोड येऊ शकतात आणि त्यांचे काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. खाण्याचा सोडाही नको. बेसन-दही हलक्या हाताने लावायला हरकत नाही, पण त्याने टॅन निघत नाही. उन्हापासून जपलं की जुनी त्वचा झडत जाते तसं ते काही आठवड्यांत फिकं होतं.

मैत्रिणीने सुचवलेल्या गोरेपणाच्या क्रीमवर बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल ही नावं दिसली तर ती लावू नका. ही स्टिरॉइड्स आहेत. चार दिवस चेहरा उजळ दिसतो, मग त्वचा पातळ होते, लाली आणि पुरळ येतं, आणि क्रीम थांबवलं की आग होते. असं क्रीम आधीच चालू असेल तर ते कसं सोडायचं हे त्वचारोगतज्ज्ञांनाच विचारा.

६. ट्यूब डिकीत ठेवू नका. उष्णतेने सनस्क्रीन बिघडतं. बहिणीची ट्यूब स्कूटरच्या डिकीतच असायची. दाबली तर आधी पिवळट पाणी आलं, मग गुठळ्या. ती तिथेच टाकून दिली आणि येताना नवी घेतली.