गरोदरपणात नव्या औषधाच्या ट्रायलबद्दल विचारलं तर आधी काय काय विचारून घ्यायचं

डॉक्टर म्हणाले की एका नव्या औषधाची ट्रायल चालू आहे, भाग घेणार का, तर लगेच हो म्हणू नका आणि नुसतं घाबरून नाहीही म्हणू नका. संमतीचा फॉर्म घरी आणा, सावकाश वाचा, प्रश्न कागदावर लिहून काढा.

पहिला प्रश्न, गाभण प्राण्यांवर चाचणी झालीये का आणि कुठल्या प्राण्यांवर? साधारण उंदीर आणि ससा असे दोन घेतात, कारण एकावर भरवसा ठेवता येत नाही. थॅलिडोमाइड या झोपेच्या आणि गरोदरपणातल्या मळमळीवरच्या औषधामुळे होणारी व्यंगं उंदरांत नीट दिसत नाहीत, सशांत दिसतात. १९६१ मध्ये ते औषध बाजारातून काढायला लागले तोपर्यंत हजारो बाळांच्या हातापायांवर परिणाम होऊन गेला होता, आणि हे ट्रायलमुळे नाही झालं, नीट तपासणी न करता सर्रास विकल्यामुळे झालं, हे लोक विसरतात.

दुसरं, कितव्या आठवड्यात देणार? पहिल्या तीन महिन्यांत बाळाचे अवयव बनतात म्हणून तेव्हा जास्त जपायचं, पण मेंदूची वाढ शेवटपर्यंत चालूच असते, त्यामुळे नंतर काही धोका नाही असं कुणी म्हटलं तर पटवून घेऊ नका.

डोसबद्दल मात्र खोदून खोदून विचारा. गरोदरपणात रक्त जवळपास दीडपट होतं, किडनी जोरात काम करते, काही औषधं लिव्हरही जास्त वेगाने मोडतं, त्यामुळे तीच गोळी शरीरातून लवकर निघून जाऊ शकते. फिट्सवरच्या लॅमोट्रिजिन या औषधाचंच उदाहरण बघा, त्याची रक्तातली पातळी इतकी उतरते की कधी कधी झटके परत येतात. म्हणून रक्त कोण तपासणार, किती वेळा, डोस कोण बदलणार हे आधीच स्पष्ट करून घ्या.

नव्या औषधाची तुलना कशाशी करणार, औषध नसलेल्या गोळीशी की आत्ताच्या उपचाराशी? काही बिघडलं तर खर्च आणि भरपाई कोण देणार? आणि बाळावर किती वर्षं लक्ष ठेवणार? गर्भपात होऊ नये म्हणून पूर्वी दिलं जाणारं डीईएस हे हार्मोनचं औषध गरोदरपणात घेतलेल्या बायकांच्या काही मुलींना मोठेपणी एक दुर्मीळ कॅन्सर होतोय हे १९७१ मध्ये कळलं, म्हणजे जन्मल्यावर एकदा बघून सोडून देणं अजिबात पुरेसं नाही.

मधेच बाहेर पडायचा हक्क तुमचा आहे, आणि बाहेर पडलात म्हणून तुमची नेहमीची ट्रीटमेंट थांबता कामा नये, हेही फॉर्ममध्ये लिहिलेलं बघा. पण ट्रायलमधली असो की आधीपासूनची, कुठलीच गोळी डॉक्टरांना न विचारता बंद करू नका.