या चुका टाळा : ‘काय मारू?’ विचारण्याआधी पान उलटा

मोबाईलवर रोज दोन-तीन फोटो येतात. गच्चीवरची जास्वंद, परड्यातली मिरची, नाहीतर शिरोळकडचा ऊस. खाली ठरलेला प्रश्न, “दादा, काय मारू?” कीड कुठली हे कुणी विचारतच नाही. फोटोही पानाच्या वरच्या बाजूचा, आणि बहुतेक वेळा हललेला. रस शोषणाऱ्या किडी बहुतेक पानाच्या खाली बसतात. पान उलटायला दोन सेकंद लागतात, पण औषधाच्या दुकानात जायची घाई त्याहून मोठी असते.

पांढरं दिसलं की मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण. ही चूक मी स्वतः केलीय, तेव्हा जरा सविस्तर सांगतो.

आमच्या घरामागं जास्वंद आहे. आई रोज सकाळी त्याचं फूल गणपतीला घालते. एका श्रावणात शेंडे आणि कळ्या कापूस लावल्यासारख्या पांढऱ्या झाल्या. मिलीबगच होता, ते बरोबर होतं. मी साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन बसलो. घासताना त्या कापसात काही दांडग्या, झिपऱ्या सोडलेल्या ‘माद्या’ दिसल्या. म्हटलं, मुळावरच घाव घालू. चिमट्यानं वेचून तीसेक तरी बादलीत बुडवल्या आणि दोन दिवस ज्याला त्याला सांगत सुटलो. पंधरा दिवसांत झाड आधीपेक्षा पांढरं.

शेतीशाळेत शिकवणाऱ्या ओळखीच्या एक बाई घरी आल्या होत्या. त्यांनी राहिलेल्यातली एक ‘मादी’ काडीनं उलटी केली. खाली सहा पाय, आणि ती तुरुतुरु पळाली. “अहो, ही मिलीबग खाणारी अळी. तुम्ही राखणदारच बुडवले.” तो क्रिप्टोलीमस नावाचा ढालकिडा (लेडीबर्ड). मूळचा ऑस्ट्रेलियाचा, 1898 मध्ये भारतात आणलेला. त्याची अळी मिलीबगसारखंच पांढरं मेण अंगावर वागवते.

तेव्हापासून माझी सवय अशी : काडीनं डिवचायचं. मिलीबग सोंड खुपसून बसलेला असतो, हलला तरी रेंगाळतच हलतो. अळी लगेच पळते. मिलीबग तीन-चार मिलिमीटरचा, पूर्ण वाढलेली अळी सेंटिमीटरच्या पुढे जाते, आणि तिच्या मेणाच्या झिपऱ्या लांब, विस्कटलेल्या असतात. अशी एक जरी दिसली तरी मी त्या झाडाला हात लावत नाही. आईला शेजारून फूल आणून देतो.

मामाच्या उसातही हेच घडलं होतं. 2002 मध्ये आपल्याकडं लोकरी मावा ही रस शोषणारी कीड आली तेव्हा पानाच्या खाली, मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पांढरी लोकर दिसायची. त्यात फिरणारी अळी पान खाते असं समजून मामा ती चिरडत बसायचा. ती माव्यावर जगणारी, डिफा नावाच्या पतंगाची अळी होती. उसात पांढरं म्हणजे लोकरी मावाच असंही नाही. पेऱ्याजवळ पाल्याच्या आत दबून बसलेला, गुलाबीसर अंगाचा दिसला तर तो उसाचा मिलीबग. पिल्लाला मागं दोन पांढऱ्या शेपट्या असतील आणि मोठा किडा पेंढ्याच्या रंगाचा, चोच पुढं काढलेला असेल, तर ती पाकोळी (पायरिला).

माव्याची कात पांढरी माशी समजणं. चवळीच्या शेंड्यावर काळा मावा असतो आणि खालच्या पानांवर पांढरे तुकडे पडलेले असतात. लोक ते बघून पांढऱ्या माशीचं औषध आणतात. मावा वाढताना कात टाकतो, ती ही. फुंकर मारून बघा. कात कोंड्यासारखी उडून खाली पडते. पांढरी माशी भुर्रकन उठते आणि परत पानाखाली जाऊन बसते. शिवाय माव्याला पाठीच्या शेवटी दोन बारीक नळ्या असतात. गुजरीत सराफ डोळ्याला लावतात तसलं दहापट भिंग घेतलं की त्या स्पष्ट दिसतात. भिंगाला पैसे घालवायला लोक का कू करतात, औषधाला नाही.

माव्यातच एखादा फुगलेला, तपकिरी, कडक झालेला दिसला तर त्याच्या पोटात परोपजीवी गांधीलमाशीचं पिल्लू वाढतंय किंवा भोक पाडून गेलंय. तो पुसू नका.

पान काळं पडलं म्हणून बुरशीनाशक. काजळी ही काळी बुरशी चिकट्यावर वाढते आणि चिकटा म्हणजे वरच्या किडीनं टाकलेला गोड, चिकट रस. काळ्या पानाच्या वरचं पान उलटा. मुंग्यांची रांग असेल तर तिच्या मागं जा, ती किडीपाशीच नेते.

मिरचीचा बोकड्या, म्हणजे पानं आकसणं, एकच समजणं. पानाच्या कडा वर वळल्या तर बहुधा फुलकिडे (थ्रिप्स), खाली वळल्या तर कोळी (माईट). कोळ्याला आठ पाय, तो कीटकच नाही. माव्यावर मारायचं इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक त्याला लागू पडत नाही, आणि तरी लोक तिसऱ्यांदा तेच मारतात. मी शेंडा पांढऱ्या कागदावर आपटतो. काडीसारखं लांबट पळालं तर फुलकिडा.

तिरकं चालतो तो तुडतुडा. एवढं पुरे.

फोटो पाठवायचाच तर सकाळी, ऊन तापायच्या आत काढा. पानाच्या खालच्या बाजूचा, शेजारी तांदळाचा दाणा ठेवून. मुंग्या आहेत का, हात चिकट होतो का, डिवचल्यावर पळाला का, हे लिहा. आणि उत्तर येईपर्यंत पंप भरू नका.